सोसायटीत रंग कधी खेळायचा? नाशिकच्या मिश्र वस्तीत तारीख ठरवण्याची रीत

होळी चार दिवसांवर आली की नाशिकमधल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक पोल पडतो. ‘रंग कधी? धुळवड / रंगपंचमी / रविवार.’ दुपारपर्यंत भराभर मतं पडतात. संध्याकाळी कोणीतरी ‘नाशकात रंगपंचमीलाच रंग असतो’ असं ठणकावतं, दुसरा ‘आमच्याकडे होळी म्हणजे दुसऱ्या दिवशीच’ म्हणतो आणि रात्री एकजण ग्रुप सोडतो. ज्यांच्या घरी रोजे आहेत, बारावीचा पेपर आहे किंवा नुकतंच कोणी गेलंय, ते या सगळ्यात एक अक्षर लिहीत नाहीत. तारीख मात्र त्यांच्याही डोक्यावर ठरते.

जुन्या नाशकात ही अडचण नाही. तिवंधा, दिल्ली दरवाजा, पंचवटीतला शनी चौक इथल्या रहाडी, म्हणजे रंगीत पाण्याचे जुने हौद, रंगपंचमीला उघडतात, ज्याला धप्पा (उडी) मारायचा तो जाऊन मारतो. धुळवडीला तिकडे वीरांची, म्हणजे घरातल्या पूर्वजांच्या स्मरणाची, मिरवणूक असते, देवघरातले टाक गोदावरीवर न्यायचे असतात. खोळंबा होतो तो पाथर्डी फाटा, इंदिरानगर, अंबड-सातपूरच्या आसपास आणि नाशिकरोडच्या बिल्डिंगांमध्ये. तिथे एकाच जिन्यावर नाशिककर, कारखान्यात नोकरीला आलेलं बिहारचं कुटुंब, मुसलमान, जैन, बौद्ध आणि ख्रिस्ती घरं राहतात. हा लेख अशा सोसायट्यांच्या कमिटीसाठी आहे.

पोलमध्ये आपण प्रत्येकाला त्याच्या आवडीचा दिवस विचारतो. आवडीवर मतं घेतली की मोठा गट जिंकतो, एवढंच होतं. विचारायला हवं ते असं: कोणता दिवस तुम्हाला अजिबात चालणार नाही? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका प्रश्नासाठी आहेत. त्यांचा क्रम बदलू नका.

## १. संक्रांत झाली की कामाला लागा

होळी फाल्गुन पौर्णिमेला, म्हणजे बहुतेक वर्षी मार्चमध्ये. तेव्हा जानेवारीच्या मध्याला सुरुवात केली तर हाताशी दीड-दोन महिने राहतात. एवढा वेळ कशाला, असं विचारणाऱ्याला तीन कारणं सांगा. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं, त्यामुळे होळीला गावी जाणारी कुटुंबं तेव्हाच बेत ठरवतात. दहावी-बारावीच्या बोर्डाचं वेळापत्रक तोवर हातात असतं. आणि कारखान्यात शिफ्ट असणाऱ्यांना सुट्टी आधी मागावी लागते. एमआयडीसीतल्या सगळ्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं धरून चालू नका.

चार-पाच जणांचा छोटा गट करा. चेअरमन-सेक्रेटरी त्यात असलेच पाहिजेत असं नाही. उलट नसलेले बरे, नाहीतर पार्किंगचं आणि गळक्या टाकीचं भांडण इथे येऊन बसतं. गटात कोण हवं ते मात्र ठरलेलं आहे: रंगपंचमीवाल्या घरातलं एक, धुळवडीवाल्या घरातलं एक, शाळकरी मुलांची एक आई, आणि जे रंग खेळणारच नाहीत अशांपैकी एक. हा शेवटचा माणूस बहुतेक सोसायट्या विसरतात. न खेळणाऱ्याला त्या दिवशी घराबाहेर पडता येईल का, हे खेळणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

तपासा: गटातले सगळे एकाच विंगमधले आहेत का? एकाच भिशीतले आहेत का? असतील तर एक-दोन जण बदला.

## २. सणाचे तुकडे पाडा

भांडण बहुतेक वेळा यामुळे होतं की ‘होळी’ या एका शब्दात चार-पाच वेगळी कामं कोंबलेली असतात. ती वहीत वेगळी लिहा.

होळी पेटवणं हे धार्मिक काम आहे, ते तिथीला आणि संध्याकाळीच होतं. ज्यांचा तो विधी आहे त्यांनी तो पंचांगाप्रमाणे करावा. ते काम रविवारी ढकलायचा विचारही करू नका. आणि बाकीच्यांना त्यात ओढू नका. अनेक बौद्ध घरांना होलिकेच्या दहनाची गोष्टच मान्य नसते, जैन घरांना आगीत जीवजंतू मरतात हे पटत नाही. ते खाली आले नाहीत म्हणून त्यांना ‘सामील होत नाहीत’ असं कोणी म्हणायचं नाही. तो विषय तिथेच संपतो.

धुळवडीचे वीर, घरचा नैवेद्य, पुरणपोळी ही घरची कामं. सोसायटीने त्यात पडायचं कारण नाही.

राहतं काय? रंग खेळणं आणि एकत्र जेवण. सामायिक आहेत ते एवढेच दोन भाग, आणि पुढे-मागे सरकवता येतात तेही हेच. म्हणजे अख्खा सण कधी साजरा करायचा हे तुम्हाला ठरवायचंच नाही. दोन-तीन तासांचा रंग आणि एक जेवण, तेवढ्याचा दिवस ठरवायचा आहे.

सरकवायला लोक तयार होत नाहीत, असं कोणी म्हणालं तर २०२३ आठवा. त्या वर्षी अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आल्या. विसर्जन त्याच दिवशी झालं, जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरलं आणि राज्य सरकारने सुट्टीही २९ तारखेला दिली. ईदची तारीख बदलली नाही, मिरवणुकीची बदलली.

सावध: ‘सगळंच एका दिवशी उरकू, म्हणजे दोनदा त्रास नको’ ही सूचना हमखास येते. ती मान्य केलीत की तुकडे पुन्हा एक होतात आणि तुम्ही पोलवर परत येता.

## ३. तारखा कागदावर मांडा, तोंडी नको

आता होळीच्या आधीचे आठ आणि नंतरचे दहा दिवस एका कागदावर आडवे लिहा. प्रत्येक दिवसाखाली काय काय आहे ते भरा. ही पायरी रटाळ आहे, पण निम्मी भांडणं ती न केल्यानेच होतात.

पंचांग. भिंतीवरचं कॅलेंडर एकच पाहू नका, दोन पाहा. तिथी ही घड्याळाच्या दिवसाशी जुळत नाही. चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की एक तिथी होते आणि त्याला साधारण १९ ते २६ तास लागतात. त्यामुळे एक तिथी दोन तारखांत विभागली जाते, आणि सूर्योदयाची तिथी धरायची की संध्याकाळची यावर सणाची तारीख बदलते. २०२६ मध्ये हेच झालं. पौर्णिमा २ मार्चच्या संध्याकाळी लागली, महाराष्ट्रात होळी २ ला आणि धुळवड ३ ला धरली. ३ तारखेला चंद्रग्रहण होतं. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी रंग ४ मार्चला खेळला गेला, केंद्र सरकारची सुट्टीही ४ लाच होती. म्हणजे नुसत्या धुळवडीच्याच दोन तारखा झाल्या. अशा वर्षी ‘धुळवडीला’ असा शब्द कुठेच वापरू नका, तारीख आणि वार लिहा.

महिन्याच्या नावाचा घोळ. आपल्याकडे रंगपंचमी फाल्गुन वद्य पंचमी. उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, त्यामुळे त्यांच्या कॅलेंडरमध्ये तोच दिवस चैत्र कृष्ण पंचमी म्हणून छापलेला असतो. दिवस एकच. कोणी ‘आमच्याकडे चैत्रात आहे’ म्हणालं तर महिनाभर पुढे ढकलतायत असं समजू नका.

रमझान. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, म्हणून रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२४, २०२५ आणि २०२६ या तिन्ही वर्षी होळी रमझानमध्येच आली. २०२७ पासून काही वर्षं रमझान होळीच्या आधी संपलेला असेल. चंद्रदर्शनावर एक दिवस इकडे-तिकडे होतो, तेव्हा कागदावर रमझानच्या दोन्ही टोकांना एकेक दिवस मोकळा सोडा.

बाकीचं. ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ आणि गुड फ्रायडे. दिगंबर जैनांची फाल्गुनातली अठ्ठाई, म्हणजे आठ दिवसांचं पर्व, जी अष्टमीला सुरू होऊन पौर्णिमेला संपते. २ मार्च हा काळाराम मंदिर सत्याग्रहाचा दिवस, आणि २० मार्च चवदार तळ्याचा. या दिवशी बौद्ध घरांतली मंडळी अभिवादनाला गेलेली असतात. नंतर बोर्डाचे पेपर. मग सुट्ट्या: राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत धुलिवंदन असतं, रंगपंचमी नसते. तेव्हा रंगपंचमी बुधवारी आली तर निम्मे लोक कामावर असतात.

तपासा: कागदावर एखादा तरी दिवस अगदी कोरा आहे का? असेल तर पेन खाली ठेवा आणि परत पाहा. मार्चमधला कोरा दिवस म्हणजे काहीतरी लिहायचं राहिलंय.

## ४. दारोदार विचारा

ग्रुपवर नको, फॉर्म नको. दारावर जा. दोघंदोघं जा आणि संध्याकाळी सात ते साडेआठच्या मध्ये जा. रमझान चालू असेल तर रोजा सुटायच्या वेळी, म्हणजे मार्चमध्ये पावणेसातच्या आगेमागे, त्या घराची बेल वाजवू नका. आठनंतरही नको, तरावीहला, म्हणजे रमझानमधल्या रात्रीच्या नमाजाला, माणसं गेलेली असतात. तिथे सकाळी अकराला जा.

विचारायचं कसं, हे शब्दशः ठरवून घ्या. माझा आग्रह या वाक्याचा आहे:

‘काकू, होळीच्या सुमाराला सोसायटीत एक दिवस रंग आणि जेवण ठेवायचंय. या कागदावर कोणता दिवस तुमच्या घराला अजिबात नको आहे, तेवढा सांगा. का ते सांगितलंत तर बरं, नाही सांगितलंत तरी चालेल.’

मग गप्प बसा. कागद त्यांच्या हातात द्या. लोक बोट फिरवतात, आत कोणाला तरी हाक मारतात, ‘अगं, हिचा गणिताचा पेपर कधी?’ असं विचारतात आणि मग एका तारखेवर बोट टेकवतात. तोंडाने विचारलं असतं तर ‘आम्हाला काय, कधीही चालेल’ असंच उत्तर आलं असतं.

‘कधीही चालेल’ हे उत्तर वहीत लिहूच नका. लहान गटातले लोक ते सवयीने म्हणतात. एकदा अजून विचारा: ‘शुक्रवार दुपार चालेल? पेपरच्या आदल्या दिवशी चालेल?’ दुसऱ्या खेपेला खरं उत्तर येतं.

प्रत्येक घरापुढे तीनपैकी एक खूण करा:

- नको: विधी, नमाज, परीक्षा, दुखवटा, ऑपरेशन. यावर वाद घालायचा नाही.
- अवघड: शिफ्ट, पाहुणे, प्रवास. जमलं तर टाळायचं.
- कोरं: हरकत नाही.

वर्षभरात ज्यांच्याकडे मयत झालंय ते बहुधा सण करत नाहीत. त्यांच्या नावापुढे ‘येणार नाहीत’ असं लिहून मोकळे होऊ नका. त्यांच्या दारासमोर स्पीकर लावायचा नाही आणि त्यांच्याकडे कोणी रंग घेऊन जायचं नाही, हे त्याच वेळी वहीत टिपा. भाड्याने राहणारी घरं वगळू नका, मिश्र वस्ती बहुतेक त्यांच्यामुळेच झालेली असते. वॉचमन आणि सफाईच्या मावशींनाही विचारा. रंग खेळल्यानंतर जिना कोण धुणार? मावशींच्या घरी त्या दिवशी सण असेल तर तो दिवस तुमच्याही यादीतून बाद व्हायला हवा, निदान ‘अवघड’मध्ये तरी.

सावध: कोणाच्याही वतीने दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. ‘ते चाचा काही येणार नाहीत, त्यांना नका विचारू’ असं म्हणणारा शेजारी प्रत्येक मजल्यावर असतो. चाचांना विचाराच. खाली येणार नसले तरी मुलं येणार आहेत का, पाण्याचा नळ किती वाजेपर्यंत मोकळा हवा, हे तेच सांगतील.

## ५. गाळणी लावा

आता कागदावर ‘नको’च्या खुणा असलेले दिवस खोडा. किती घरांनी ‘नको’ म्हटलं हे मोजायचं नाही. पक्कं कारण असलेलं एक घरही पुरे, फक्त त्या घराला एकत्र कार्यक्रमात यायचं असायला हवं. ज्यांना यायचंच नाही त्यांच्या ‘नको’ने दिवस खोडला जात नाही, वेळ आणि जागा बदलते. हा फरक गटाने आधीच समजून घ्यावा, नाहीतर एकही तारीख उरत नाही.

दोन वर्षांचं उदाहरण घेऊ.

२०२५: धुळवड १४ मार्च, शुक्रवार. रमझान चालू, जुम्म्याची (शुक्रवारच्या नमाजाची) दुपार. रंगपंचमी १९ मार्च, बुधवार, कामाचा दिवस. मधला रविवार १६ मार्च. पोल घेतला असता तर सुट्टी आहे म्हणून १४ तारीख जिंकली असती. गाळणी लावली तर १६ तारीख उरते. तिला ना तिथी ना मान. त्या दिवशी सकाळचा रंग सगळ्यांना जमतो, आणि ज्यांना १४ ला किंवा १९ ला आपापला रंग खेळायचाय त्यांना कोणी अडवलेलं नाही. जुन्या नाशकात रहाडीला जाणारे तर १९ ला जाणारच.

२०२६: धुळवड ३ आणि ४ मार्च अशी दोन दिवसांत विभागली, रंगपंचमी ८ मार्चला रविवारी. इथे डोकं खाजवायची गरज नव्हती. रविवार, नाशिकचा मुख्य दिवस, आणि धुळवडीच्या दोन तारखांचा वादही बाजूला पडतो. रमझान होता, म्हणून फक्त जेवणाची वेळ ठरवावी लागली. ते सातव्या पायरीत आहे.

२०२७ साठी आतापासून एक लक्षात ठेवा. रमझान तेव्हा आधीच संपलेला असेल, त्यामुळे गट निर्धास्त होईल. पण धुळवड २२ मार्चच्या सुमाराला येते, २६ मार्चला गुड फ्रायडे आहे आणि २८ मार्चच्या रविवारी ईस्टर. ‘रविवारी घेऊ’ हे नेहमीचं उत्तर त्या वर्षी एका घराच्या सगळ्यात मोठ्या सणावर जाऊन आदळतं. शरणपूर रोडच्या बाजूला, जिथे जुनी ख्रिस्ती वस्ती आहे, राहणाऱ्यांना हे लगेच कळेल, इतरांनी कागदावर लाल पेनने लिहून ठेवावं.

तपासा: उरलेला दिवस कोणाच्या तरी ‘अवघड’ यादीत वारंवार, दरवर्षी येतोय का? मागच्या वर्षीची वही काढा. सलग दोन वर्षं त्याच घराने सोसलं असेल तर यंदा दुसऱ्याची पाळी.

## ६. बैठक एकच, चाळीस मिनिटांची

दोन तारखा घेऊन बैठकीला जा. एक घेऊन गेलात तर ‘सगळं आधीच ठरवलंय’ म्हणतील, चार नेल्या तर पोल सुरू होईल.

सुरुवातीला कागद सगळ्यांसमोर भिंतीवर लावा. कोणत्या घराने काय सांगितलं हे नावानिशी वाचायचं नाही, ‘एका घराला शुक्रवार दुपार नको’ एवढंच. नंतर विचारा: या दोनांपैकी कोणत्या तारखेला कोणाची हरकत आहे? हात वर करायचा तो हरकतीसाठी. ज्या तारखेला हरकत नाही ती पक्की. दोन्हींना नसेल तर चिठ्ठी टाका, हसतखेळत संपतं.

बैठकीत दोन वाक्यं ऐकू येणार आहेत. एक, ‘नाशकात राहायचं तर नाशिकच्या रीतीने.’ दुसरं, ‘देशभर ज्या दिवशी असते त्या दिवशी आपण का नाही?’ दोघांनाही एकच उत्तर: तुमचा दिवस तुमच्याकडेच आहे, इथे आपण फक्त एकत्र जेवणाचा दिवस ठरवतोय. याच्यापुढे उत्तर वाढवू नका. रीत कोणाची जुनी यावर बैठक गेली की चाळीस मिनिटांची दोन तास होते आणि ठरत काहीच नाही.

ठराव वहीत लिहा: तारीख, वार, वेळ कधीपासून कधीपर्यंत, जागा, कोण जबाबदार. खाली सह्या.

सावध: बैठकीला न आलेल्याने नंतर ग्रुपवर वाद काढला तर ग्रुपवर उत्तर देऊ नका. गटातल्या एकाने त्याच्या घरी जाऊन चहा घ्यावा.

## ७. वेळ आणि जागा: निम्मा तंटा इथे मिटतो

तारीख चुकली तरी वेळ नीट असेल तर निभावतं. तारीख बरोबर आणि वेळ चुकीची असेल तर मात्र नाही निभावत.

रंग. सकाळी नऊ ते साडेअकरा. शुक्रवार असेल तर अकराच्या आत बंद, म्हणजे नमाजाला निघणाऱ्याला कोरडा जिना मिळेल. एका विंगचा जिना आणि लिफ्ट त्या वेळात पूर्ण कोरडी ठेवायची आणि तिथे रंग न्यायचा नाही. कोणता जिना, ते आदल्या दिवशी कागद चिकटवून सांगा. ‘बुरा न मानो’ हे कारण चालणार नाही: जो खेळायला उतरला नाही त्याला बोटभरही रंग लावायचा नाही, त्याच्या गाडीलाही नाही.

पाणी. मार्च म्हणजे टाकीकडे लक्ष ठेवायचे दिवस. एक पिंप भरून ठेवा आणि ते संपलं की ओला रंग संपला. गच्चीवरच्या टाकीची पाइप खाली सोडायची नाही.

होळीची जागा. पाइप गॅसची लाइन, ट्रान्सफॉर्मर आणि पार्किंगपासून लांब. कोरडी लाकडं आणि गोवऱ्या. टायर आणि प्लास्टिक अजिबात नको.

आवाज. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर कायद्यानेच बंद. दिवसा राहत्या वस्तीची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि डीजे त्याच्या कितीतरी वर जातो. बोर्डाची मुलं असलेल्या घरांनी ज्या तासांना ‘नको’ सांगितलंय त्या वेळी ढोलकीही नको.

जेवण. इथे खरी कसोटी आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. रमझानमध्ये जेवण संध्याकाळी ठेवावं म्हणजे रोजेवाल्यांना येता येईल, हे सगळ्यांना सुचतं. पण चौविहार पाळणारी जैन घरं सूर्यास्तानंतर काहीच खात नाहीत. एकाचं खाणं जिथे सुरू होतं तिथे दुसऱ्याचं संपतं. हा पेच ‘सात वाजता जेवण’ असं लिहिलं की लागलाच. सोडवायचा असा: जेवण सात वाजता असं लिहूच नका. ‘पंगत साडेपाच ते आठ’ असं लिहा. जैन मंडळी सहाच्या आत जेवून उठतात आणि नंतर खुर्च्या टाकून बसतात. सूर्यास्ताला खजूर आणि पाणी आधी, मग बाकीचं पान. मध्ये अर्धा तास असा येतो की सगळे एकाच अंगणात असतात, कोणी जेवलेले, कोणी जेवायचे. भांडी दोन: एकात कांदा-लसूण-बटाटा नसलेली मिसळ, दुसऱ्यात नेहमीची. चमचे आणि पळ्या वेगळ्या, आणि त्यांवर रंगीत दोरा बांधा. नुसतं सांगून पळ्या वेगळ्या राहत नाहीत.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारी मांसाहार न करणारी ख्रिस्ती घरं असतात. सामायिक जेवण शाकाहारीच ठेवलंत तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

तपासा: वेळापत्रक लिहून झालं की एका न खेळणाऱ्या माणसाला वाचायला द्या. त्याला त्या दिवशी दूध आणायला खाली उतरता येतं का?

## ८. वर्गणी तीन पाकिटांत

एकरकमी वर्गणी ही सगळ्यात जुनी चूक. होळीची लाकडं, रंग आणि जेवण यांचे पैसे वेगवेगळे गोळा करा. ज्याला होळी मान्य नाही तो जेवणाचे देतो, ज्याला रंग नको तोही जेवणाचे देतो, आणि कोणाला लाकडाचे पैसे नाइलाजाने द्यावे लागत नाहीत. मेंटेनन्सच्या बिलात हा खर्च घालू नका. हिशोब दुसऱ्याच दिवशी लिफ्टजवळ लावा, उरलेले पैसे पुढच्या वर्षी त्याच पाकिटात.

## ९. कळवायचं एकदाच आणि पुरतं

बैठकीनंतर दोन दिवसांत एक निरोप जातो. नमुना:

‘सोसायटीचा रंग: रविवार, सकाळी ९ ते ११.३०, मागचं अंगण. पंगत: सायं. ५.३० ते ८. ए विंगचा जिना आणि लिफ्ट कोरडी राहील. रंग ऐच्छिक आहे. कोणाच्या दारावर जाऊन रंग लावायचा नाही. होळी तिथीप्रमाणे, ज्यांना यायचं त्यांनी यावं. अडचण असेल तर गटातल्या कोणालाही फोन करा.’

मराठीत आणि हिंदीत, छापून प्रत्येक दारात. ग्रुपवर टाकून थांबू नका. सत्तरीतल्या आजी ग्रुपवर नसतात, आणि दुपारच्या झोपेत बादली अंगणात आपटली की पहिला त्रास त्यांनाच होतो.

## १०. ऐनवेळी काही बदललं तर

एक दिवस अलीकडे-पलीकडे होण्याची तीन कारणं संभवतात: चंद्र दिसला नाही, पेपरची तारीख बदलली, सोसायटीत कोणी गेलं. तिन्हींसाठी पर्यायी दिवस बैठकीतच ठरवून वहीत लिहा. चंद्राचं रात्री कळतं, तेव्हा गटातल्या एकाने त्या रात्री फोन घ्यायची जबाबदारी घ्यावी.

मयत झाली तर रंग रद्द, जेवणाचं ठरवण्याआधी त्या घराला विचारा. बरेचदा तेच म्हणतात की मुलांचं जेवण होऊ द्या.

आणि इतकं करूनही दोन गट एका तारखेवर आलेच नाहीत, तर ओढाताण करू नका. रंग दोन दिवस होऊ द्या, प्रत्येकी दोन तास, तोच कोरडा जिना, तेच एक पिंप. पंगत मात्र एकच ठेवा, आणि ती दोन्ही दिवसांपेक्षा वेगळ्या, तिसऱ्या दिवशी. वही, कागद आणि पाकिटांचा हिशोब नव्या सेक्रेटरीकडे देताना सह्या घ्या, कारण पुढच्या जानेवारीत पहिला प्रश्न ‘मागच्या वर्षी काय केलं होतं?’ हाच येतो.